आधी माणूस, मग तार, मग डबा

पुण्या-मुंबईतल्या तीस-पस्तीस वर्षे जुन्या इमारतींमध्ये घराचे वायरिंग ज्या हिशेबाने केले होते, तो हिशेब आता उरलेला नाही. पंखे, ट्यूबलाइट, फ्रिज, टीव्ही, मिक्सर आणि फार तर एक गीझर एवढे धरून १५ किंवा ३० अँपिअरचा मेन स्विच बसवला जाई, खाली चिनीमातीचे फ्यूज. आज त्याच तारांवर दोन एसी, इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवणारे वॉशिंग मशीन चालते. दोन किलोवॉटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो, दीड टनाचा एसी सात-आठ, इंडक्शन पुन्हा आठ-नऊ. सकाळी हे सगळे एकदम चालू झाले की फ्यूज उडतो आणि मग घरात पॅनल बदलण्याचा विषय निघतो. वायरमन अंदाज सांगतो, आकडा जास्त वाटतो, आणि घासाघीस सुरू होते ती भिंतीवरच्या डब्याच्या किमतीवर. माझे म्हणणे असे की हा खर्च चुकीच्या टोकाकडून मोजला जातो. डबा या कामातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे, आणि नुसता डबा मोठा करून घेणारे घर पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात येऊ शकते.

ते कसे, हे समजण्यासाठी डब्यातला एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच, नेमके कोणाचे रक्षण करतो हे पाहायला हवे. एमसीबी तारेचे रक्षण करतो. तारेतला प्रवाह दुप्पट झाला की तिच्यातली उष्णता चौपट होते, त्यामुळे तार सोसू शकेल त्याच्या आत प्रवाह तोडणे हे त्याचे काम. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी शोभतो. तो सारखा पडतो म्हणून त्याच जागी ३२ चा बसवला, तर पडण्याचा त्रास संपतो आणि तापणे मात्र भिंतीच्या आत, कोणाला न दिसता चालू राहते. जुन्या घरात तार ॲल्युमिनियमची असेल, तर सांधे सैल होतात आणि आधी तिथेच तापते. पूर्वी फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळली जायची, मोठा एमसीबी हे त्याचेच नवे रूप. आगीनंतर बातमीत ‘शॉर्टसर्किट’ एवढाच शब्द येतो. त्याआधी कितीतरी महिने ती तार तापत असू शकते, हे त्या शब्दात कुठेच येत नाही.

माणसाचे रक्षण करणारे उपकरण वेगळेच आहे: आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही, हे ते पाहते. ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की क्षणार्धात पुरवठा तोडते. १६ अँपिअर म्हणजे याच्या पाचशेहून अधिक पट. ओल्या हाताने गीझरला चिकटलेल्या माणसाच्या अंगातून जीवघेणा प्रवाह वाहत असला, तरी एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले आहेत. ते सगळे घरातले नाहीत, शेतातले आणि कारखान्यांतलेही त्यात आहेत. तरीही हे उपकरण साधारण दोन-तीन हजारांत मिळते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार अगदी लहान भार वगळता ते सक्तीचे आहे, हे लक्षात घेतले तर लाखोंचे फॉल्स सीलिंग केलेल्या घरात ते नसणे मला असह्य वाटते.

म्हणून पैसे कमी असतील तर क्रम ठरवावा. पहिला पैसा आरसीसीबीला. दुसरा एसी, गीझर आणि स्वयंपाकघर यांच्या स्वतंत्र, जाड तारांना आणि अर्थिंगला. डब्याचा आकार आणि मंजूर भार वाढवणे त्यानंतर. डीबी (म्हणजे तो डबा), एमसीबी, आरसीसीबी आणि मजुरी मिळून दोन बेडरूमच्या घराला साधारण दहा-पंधरा हजार लागतात. सगळ्या तारा बदलायच्या तर भिंती फोडणे, प्लास्टर, रंग धरून काम लाखाच्या घरात जाते. तेव्हा दोन-तीन मुख्य तारा आधी आणि उरलेल्या पुढच्या रंगकामाच्या वेळी, असे टप्पे करावेत. तीन फेजची घाई तर मुळीच करू नये. महावितरणच्या घरगुती दरात तीन फेजचा स्थिर आकार एका फेजच्या तिपटीहून अधिक आहे आणि तो दर महिन्याला भरावा लागतो. विजेची मोटार चार्ज करायची नसेल, तर बऱ्याच घरांना त्याची गरजही पडत नाही.

यावर आक्षेप येतात आणि ते खोटे नाहीत. आरसीसीबी सारखा ट्रिप होतो, ही तक्रार खरी आहे. बहुतेकदा त्याचे कारण असे की जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केलेले असतात किंवा इन्व्हर्टर जोडताना त्यांची सरमिसळ झालेली असते. कधी गीझरचे एलिमेंट खरोखरच गळत असते. दोष शोधायला अर्धा दिवस जातो, म्हणून कारागीर उपकरणालाच बायपास करून मोकळा होतो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी अंदाजात वेगळी लिहून घ्यावी. आमच्याकडे अर्थिंगच धड नाही, मग उपयोग काय, असेही विचारले जाते. अर्थिंग हवेच. पण ते नसले तरी माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाणारा प्रवाह ही गळतीच असते, आणि आरसीसीबी ती ओळखतो. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, मग पैसे का घालायचे, हा मुंबईतला सर्वांत वजनदार आक्षेप. पुनर्विकासाच्या बैठका वर्षानुवर्षे चालतात आणि एसी याच उन्हाळ्यात येतो. शिवाय डीबी आणि त्यातली उपकरणे काढून नव्या घरी नेता येतात. भिंतीतली तार तेवढी मागे राहते.

खरा अडलेला खर्च मात्र घराबाहेरचा आहे. तळमजल्याच्या मीटरखोलीतून चौथ्या मजल्यापर्यंत येणारी तार जुनी असेल, तर आतले नवे पॅनल अर्धेच काम करते. मीटरपुढच्या तारेत वीज कंपनी लक्ष घालत नाही, आणि ती तुमची तुम्ही बदला, असे सोसायटी सांगते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत मात्र सदनिकेतील मेन स्विचपर्यंतच्या वीजवाहिन्या संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या कामांच्या यादीत आहेत. त्यासाठी दुरुस्ती निधी असतो, आणि तो बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के या दराने सभासदांकडून घेण्याची तरतूदही आहे. याच उपविधींप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचे संरचनात्मक लेखापरीक्षण दर तीन वर्षांनी होते. मीटरखोली आणि चढत्या तारा त्याच वेळी तपासून घ्यायला वेगळा कायदा लागत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव पुरतो.

सरकारही यातून सुटत नाही. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरील सौर संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. ते मिळायलाच हवे. पण तीच वीज ज्या जुन्या तारांतून घरात फिरणार, त्यांच्यासाठी असे अनुदान नाही. चाळीतल्या एका खोलीला एक आरसीसीबी आणि दोन-तीन एमसीबी पाच हजारांच्या आसपास बसतात. ज्या भाडेकरूला ते परवडत नाहीत आणि ज्याचा मालक लक्ष देत नाही, त्याच्यासाठी महावितरण, बेस्ट आणि खासगी कंपन्यांनी हे काम करून द्यावे आणि रक्कम बिलातून हप्त्यांनी घ्यावी. नवी जोडणी देताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल घेतला जातो. भारवाढीच्या वेळी, घर विकताना आणि भाड्याने देताना तोच अहवाल पुन्हा मागितला, तर मीटरच्या पलीकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नाही अशा घरांत निदान एकदा तरी जाणकार माणूस डबा उघडून पाहील.