बोल्ट एक, कोड चार

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे आमच्या निम्म्या ऑफिसला ठाऊकच नसतं! इथे बसून आम्ही मल्टिनॅशनल कंपन्यांच्या सगळ्या प्लांटची खरेदी एकत्र करणाऱ्या सिस्टिम लिहितो. चार प्लांट, बोल्ट एकच, पण कोड चार. प्रत्येक स्टोअरवाल्याला विचारून ते जुळवले की ऑर्डर मोठी, भाव कमी. ही बचत खरी. दुसरी बचत सप्लायरला पिळून होते. १९९२ मध्ये जनरल मोटर्सच्या लोपेझनी जगभरची खरेदी हाती घेऊन तेच केलं. सप्लायरांच्या मनातली अढी पुढे कित्येक वर्षं गेली नाही. पिरंगुटचं छोटं वर्कशॉप तर सहज पिळलं जाईल. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. मग ही मुदत सिस्टिममध्येच का बसवू नये राव? दुसऱ्याच्या उधारीवरची बचत कसली बचत!