पॉपीची हौस, झेंडूची लाज

दिवाळी आटोपली, फटाक्यांचा कचरा उचलला गेला आणि त्याच ट्रॉलीतून आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या गेटजवळचा झेंडूही गेला. कमरेएवढी झाडं, कळ्यांनी लगडलेली. सुकलेली फुलं खुडत राहिलं असतं तर आणखी महिनाभर सहज फुलली असती. ‘मार्गदर्शन करायला’ म्हणून मला बोलावलं ते झाडं उपटून झाल्यावर. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, झेंडू म्हणजे कसं, एंट्रीलाच देवळात आल्यासारखं वाटतं. जरा क्लासी काहीतरी हवं होतं.” क्लासी म्हणजे पॉपी. ट्रेमधून आणलेली, बोटभर उंचीची रोपं, दोरी लावून रांगेत बसवलेली. आणि खाली, अर्थातच, कोकोपीट.

कोकोपीटवर मी आज लिहिणार नाही. मागच्या लेखानंतर आलेली पत्रं अजून पुरताहेत. एवढंच म्हणते, की खाली दीड फूट चांगली माती असताना त्यावर नारळाचा भुसा ओतणाऱ्या माणसाच्या ताब्यात मी कढीपत्त्याचं रोपसुद्धा देणार नाही. कोकोपीट आल्यापासून माणसंही भुसभुशीत झाली आहेत. याला पुरावा नाही, पण कोणत्याही सोसायटीच्या मीटिंगला बसून बघा.

ट्रेमधल्या पॉपीचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. पॉपीचं मूळ सरळ खाली जाणारं, नाजूक, आणि एकदा दुखावलं की रोप बसतं ते बसतंच. ती जिथे फुलायची तिथेच पेरावी लागते. झेंडू फुलावर असतानाही गड्ड्यासकट उचलून दुसरीकडे लावा, एखाद-दोन दिवस मान टाकेल आणि उभा राहील. खोड मातीला टेकलं तर तिथूनही मुळ्या सोडतो. कंत्राटदारानं ट्रेमधून विकायला खरं तर झेंडूच योग्य होता, पण तो ‘क्लासी’ नाही. महिन्याभरात निम्म्या वाफ्याला टक्कल पडेल आणि “यंदा थंडीच कमी पडली” असं ऐकू येईल.

पण या दोन फुलांमधला खरा फरक मुळांत नाही. तो फूल तोडल्यावर दिसतो.

पॉपीची कळी केसाळ देठावर मान खाली घालून लोंबत असते. उमलायची वेळ आली की देठ ताठ होतो. सकाळी कळीवरची दोन हिरवी दलं सुटून खाली पडतात आणि आत चुरगळून कोंबलेल्या चार पाकळ्या बाहेर येतात. सुरकुत्या जायला थोडा वेळ लागतो. मग उन्हाकडे तोंड करून उभं राहा आणि त्या पाकळीतून बघा. उजेड आरपार येतो. रंग पाकळीवर नसून हवेतच आहे असं वाटतं. या एका गोष्टीत झेंडू पॉपीच्या आसपासही येत नाही, आणि हे कबूल न करणारा माणूस बागेत नीट उभा राहिलेला नाही. मात्र पाकळ्यांना खालून धरून ठेवणारी दलं आधीच गळून गेलेली असतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्यात त्या खाली. फुलदाणीत ठेवायची हौस असेल तर कळीतच तोडायची आणि देठाचं टोक लगेच मेणबत्तीवर धरायचं, नाहीतर चीक वाहून जातो आणि फूल संध्याकाळही बघत नाही. एवढं करून मिळतो एक दिवस, फार तर दोन.

आता झेंडू उलटा धरून बघा. तळाशी हिरवी, टणक, खोलगट वाटी आहे, आणि तिच्यात बारीक फुलांची गच्च दाटी. आपण जिला पाकळी म्हणतो ते प्रत्येक एक स्वतंत्र फूल, आणि त्या प्रत्येकाचं बूड वाटीत घट्ट रुतलेलं. म्हणून तर सुई आरपार गेली तरी झेंडू सुटत नाही. दसऱ्याला बोनेटवर बांधलेला हार एक्स्प्रेस-वेचा वारा खाऊन खंडाळ्याचा घाट चढतो, परत उतरतो आणि तिसऱ्या दिवशीही नारिंगीच असतो. पोत्यात भरून, टेम्पोत दाबून, दादरला नाहीतर गुलटेकडीला ओतून किलोवर विकता येणारं दुसरं फूल तुम्हीच सांगा. शेवंती जवळपास येते. पॉपीचं पोतं मात्र बाजारात पोचेपर्यंत ओल्या कागदाचा लगदा झालेलं असेल.

आपल्याकडे फुलाची परीक्षा हातात घेऊन होते. ओवता येतं का, माळता येतं का, देवाला वाहिल्यावर दुपारपर्यंत टिकतं का. इंग्रजानं कॅम्पांत आणि बंगल्यांभोवती जी हंगामी फुलं लावली, त्यांची परीक्षा झाडावरच, चार पावलांवरून. ती नजर आपण उचलली, आणि पुण्यात एम्प्रेस गार्डनला जानेवारीत प्रदर्शन भरतं तेव्हा ती जोरात असते. पेटुनियासमोर फोटो, डेलियासमोर फोटो. झेंडूसमोर उभं राहून सेल्फी काढणारं मी कुणी पाहिलेलं नाही. घरी जाताना त्याच माणसांच्या गाडीला झेंडूचाच हार असतो. तोडलेला झेंडू चालतो, उभा झेंडू चालत नाही.

त्या सोसायटीतही एक गोष्ट कमिटीच्या ध्यानात आलेली नव्हती. झाडलोट करणाऱ्या मावशी रोज सकाळी चार फुलं खुडून कुणाकुणाच्या दाराशी ठेवत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, या नव्याची फुलं देवाला चालतात का?” चालतील हो, पण पोचली तर.

कमिटीतल्याच एका आजोबांनी झेंडूची बाजू घेतली, पण ती ‘आपल्या मातीतलं फूल’ म्हणून. तेही खरं नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या सणाला थडग्यांवर त्याच्या राशी घालतात. आणि पॉपी परकी म्हणाल, तर तिची एक चुलतबहीण तुमच्या एसटीच्या खिडकीतून रोज दिसते. पिवळा धोतरा. उन्हाळ्यात पडीक जमिनीवर, काटेरी पानांचा, पातळ पिवळ्या पाकळ्यांचा. तो पॉपीच्याच कुळातला आणि तोही मेक्सिकोहूनच आलेला. त्याचं बी मोहरीच्या तेलात भेसळ होऊन १९९८ मध्ये दिल्लीत माणसं दगावली होती. तेव्हा स्वदेशी-विदेशीचा वाद या वाफ्यात नको.

योगायोग असा, की याच आठवड्यात ११ नोव्हेंबर येऊन गेला. पहिलं महायुद्ध संपल्याचा तो दिवस, आणि इंग्लंडमध्ये त्या दिवशी कोटाच्या कॉलरला लाल पॉपी लावतात. तिची मूळ गोष्ट बागकामाचीच आहे. शेतातल्या रानटी पॉपीचं बी जमिनीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि माती उकरली की उगवतं. फ्लँडर्समध्ये तोफगोळ्यांनी माती उकरली आणि ती उगवली. भारतीय सैनिकांच्या आठवणीसाठी मात्र दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशननं झेंडू पुढे केला. त्या युद्धात आपले सुमारे ७४ हजार सैनिक गेले. साताऱ्याच्या अपशिंगे गावातलेच ४६. कॉलरला लावलेली पॉपी कागदाची असते, कारण खरी तिथे टिकणारच नाही. झेंडू खरा लावता येतो.

आता थोडं कामाचं. झेंडू लावला की सूत्रकृमी पळतात, असं मोबाइलवर फिरतं. मुळांतून सुटणाऱ्या द्रव्यामुळे ते कमी होतात हे खरं, पण त्यासाठी झेंडू गच्च लावून हंगामभर ठेवावा लागतो आणि मग त्या जागी भाजी घ्यायची. कुंडीच्या कडेला एक रोप लावून शोभा येते, बाकी काही नाही. सापळा पीक म्हणून मात्र तो चोख आहे. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ, ही बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेची शिफारस. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला त्याच्या कळ्यांकडे वळतो. मधमाश्यांच्या बाबतीत पॉपी पुढे आहे. तिच्यात मध नसतो, पण परागाची चंगळ असते. सकाळी आठच्या सुमारास सातेरी माश्या पायांना काळपट गोळे लावून निघताना दिसतील. गोंडेदार संकरित झेंडूवर त्या क्वचितच बसतात.

आणि एक इशारा. स्वयंपाकघरातली खसखस मातीत टाकून ‘बघू उगवते का’ हा खेळ करू नका. ती अफूची पॉपी आहे. परवान्याशिवाय तिची लागवड १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार गुन्हा आहे आणि महाराष्ट्रात तो परवाना मिळत नाही. ‘पिओनी पॉपी’ नावानं येणारी पाकिटंही त्याच जातीची असतात. पान निळसर, गुळगुळीत आणि खोडाला मिठी मारलेलं दिसलं तर उपटा. बागेसाठी शर्ली पॉपी घ्या. तिचं पान केसाळ आणि कातरलेलं असतं. विल्क्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्याला १८८० मध्ये रानटी पॉपींत पांढऱ्या कडेचं एकच फूल दिसलं. त्याचं बी त्यानं जपलं आणि वर्षानुवर्षं निवडत जाऊन ही जात तयार केली. ट्रे नाही, कोकोपीट नाही.

तर माझा कौल असा. गेटजवळ, जिथे येता-जाता हात जातो, तिथे झेंडूच हवा. खराब झाला की काढा, नवा लावा, तो कुठल्याही ऋतूत येतो. पॉपी आत लावा, बाकाजवळ, पूर्वेच्या उन्हात, जिथे माणूस सकाळी पाच मिनिटं बसेल, आणि ती सहा आठवडेच असणार हे ठरवूनच. पाकिटातलं चिमूटभर बी मूठभर बारीक वाळूत मिसळून या रविवारी थेट मातीत फेका. वर माती लोटू नका, नुसतं तळव्यानं दाबा आणि पाणी झारीनं घाला. दाटी झाली की वीतभर अंतर ठेवून विरळणी करा, मन घट्ट करून. डिसेंबर उजाडल्यावर पेराल तर कळ्या यायच्या वेळी मार्चचं ऊन तापलेलं असेल, आणि मग मला पत्र लिहू नका.