परांचीला स्वतंत्र दर हवा

१ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लॉन्चर कोसळून २० जण दगावले. त्यानंतर अवजड यंत्रांच्या तपासणीवर पुष्कळ बोलले गेले आणि ते गरजेचेच होते. पण आपली माणसे रोज ज्या परांचीवर उभी राहतात, तिचे पैसे आपण कसे देतो? दरसूचीतला गिलाव्याचा आयटम काढून वाचा. परांची, पाणी मारणे सगळे धरून चौरस मीटरला एकच दर. खासगी कामांच्या निविदांतही हीच ओळ जशीच्या तशी उतरते.

साहजिकच परांचीचा प्रत्येक पाइप गिलावा ठेकेदाराच्या नफ्यातून जातो. मग बेसप्लेटऐवजी विटेचा तुकडा येतो, दोन फळ्यांच्या जागी एक येते. टायचे तर विचारूच नका. भिंतीचा पट्टा मारताना टाय आड येतो, मिस्त्री तो सोडवतो, पट्टा पुरा करून पुढे सरकतो. तो परत लावायचे पैसे कोणालाच नाहीत, म्हणून तो लागत नाही. पुढे तीच परांची रंगाऱ्याकडे जाते, खिडकीवाला आणखी दोन टाय काढतो आणि धुळीची तक्रार आली की वरून हिरवी जाळी चढते. जाळी वारा धरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे आपण सगळे शिकलो आहोत. तरी जाळी लावल्यावर टाय पुन्हा मोजणारे अभियंते फार थोडे.

क्रेनचे दुखणेही पैशातलेच आहे. भाडे तासावर चालू असते, म्हणून नुकत्याच बुजवलेल्या चरावर आउटरिगर टेकतो आणि स्लीपर मागवायला कोणी थांबत नाही. लोड चार्ट मात्र टणक, समतल जमीन धरूनच केलेला असतो. शिवाय बोजा दुप्पट अंतरावर गेला की क्षमता निम्म्याहूनही खाली येते, कारण बूमचे स्वतःचे वजनही पुढे सरकते. बोजा घेऊन चालणाऱ्या हायड्रापुढे सिग्नल द्यायला हाताशी असेल तो हेल्पर उभा करणे, ही तर सरळ बेपर्वाई आहे.

आमची मागणी आर्किटेक्ट आणि सल्लागारांकडे आहे. परांची गिलाव्याच्या दरातून बाहेर काढा. तिला नकाशा, दर्शनी क्षेत्रफळावर मोजमाप आणि महिन्याचा दर द्या. टाय काढणे-लावणे फक्त परांचीच्या टोळीकडे ठेवा. दर आठवड्याला आणि प्रत्येक वादळी पावसानंतर जबाबदार माणसाची सही झाल्याखेरीज बिल पास करू नका. क्रेनच्या ऑर्डरमध्ये प्रशिक्षित रिगर व सिग्नलमन घाला आणि वाऱ्यामुळे थांबलेल्या तासांचे भाडे मालकाने सोसावे, असे लिहा. खर्च वाढेल, हे खरे. आज तो खर्च वाचतो तो मजुराच्या जिवावर.

ज्यांनी असा आयटम लावून काम केले आहे, त्यांनी आपला दर आणि मोजमापाची पद्धत कळवावी. पुढील अंकात ती छापू.