कुठला कागद फाडायचा?

दोस्तहो, जुनाट कायदे मोडायचं शास्त्र आपल्याला कुणी शिकवू नये. 25 डिसेंबर 1927 ला महाडात बाबासाहेबांच्या पुढारीपणाखाली मनुस्मृती जाळली गेली. 1928 ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्याविरुद्ध बिल आणलं. 1874 चा तो कायदा महाराला गावाच्या दावणीला बांधून ठेवत होता. ते दावं तोडणारा कायदा झाला 1958 ला. तीस वर्षं गेली मधे.

म्हणून सरकार जेव्हा म्हणतं, आम्ही कालबाह्य नियम रद्द करतोय, तेव्हा टाळी वाजवायला माझा हात वर जातो. आणि तसाच खाली येतो. कारण रद्द काय होतंय ते मी बघतो.

माझ्या पुतणीची गोष्ट सांगतो. कल्याणची पोरगी. इंजिनिअरिंगला नंबर लागला. प्रांताच्या सहीचा जातीचा दाखला हातात आहे. पण 2001 पासून राज्यात जो कायदा लागू आहे, त्यात या दाखल्याला पडताळणी समितीच्या शिक्क्याशिवाय किंमत नाही. म्हणजे एक कचेरी सांगते तू कोण, आणि दुसरी कचेरी म्हणते, ते खरं कशावरून? शाबितीचा बोजा सगळा आपल्यावर. मुदतीत व्हॅलिडिटी आली नाही तर राखीव जागा गेली.

फाईलला माझी व्हॅलिडिटी लावली. तिच्या बापाची लावली. तरी खिडकीतला माणूस म्हणाला, "10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा आणा. आजोबांचा शाळेचा दाखला आणा."

"सायेब, म्हातारा शाळेत गेलाच न्हाई."

"मग कोतवाल बुकाची नक्कल आणा."

ज्या व्यवस्थेनं म्हाताऱ्याला शाळेच्या पायरीवर चढू दिलं नाही, तिनंच आता त्याच्या शाळेचा कागद मागायचा! आम्ही जात टाकून 1956 ला बौद्ध झालो. केंद्रानं बौद्धांना सवलत दिली 1990 ला. आणि आज टाकलेल्या जातीचाच पुरावा शोधत मी माण तालुक्यात हिंडतो. नोंद मोडीत. मोडी वाचणारा वेगळा, त्याचे पैसे वेगळे. दोन खाडे झाले, पगार कापला. वर प्रतिज्ञापत्र. ऑक्टोबर 2024 ला स्टँपपेपर 100 वरनं 500 वर नेला, मार्च 2025 ला सरकारनंच जाहीर केलं की अशा दाखल्यांना तो लागणार नाही. मधल्या महिन्यांत ज्यांनी 500 मोजले त्यांचं काय?

कुणी म्हणेल, पडताळणी काढली तर बोगसवाले घुसतील. बरोबर आहे. 1994 ला सर्वोच्च न्यायालयानं अशा समित्या नेमायला सांगितलं ते बोगस आदिवासी दाखल्याच्या खटल्यातच. चोर माझ्याच ताटातलं खातो, तेव्हा पडताळणी मला पाहिजेच. पण एकदा तपासलेल्या घराला पिढीगणिक तोच सवाल विचारणं म्हणजे पडताळणी नव्हे, छळ आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात खरी व्हॅलिडिटी असेल तर पुन्हा चौकशीचा घोळ न घालता दाखला देता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयानं 2010 लाच सांगितलंय. निकाल पुस्तकात आहे. खिडकीपर्यंत तो पोचत नाही.

आता दुसरी बाजू बघा. 2023 च्या जनविश्वास कायद्यानं 42 कायद्यांतल्या 183 तरतुदी सैल केल्या. धंदा सुलभ व्हावा म्हणून. 21 नोव्हेंबर 2025 ला 29 कामगार कायदे मोडून चार संहिता आल्या. विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांवर 'कारखाना' ठरायचा, आता वीस लागतात. इन्स्पेक्टरचं नावसुद्धा बदललं. आता तो निरीक्षक तथा सुलभकर्ता. कुणाला सुलभ, ते सांगायला नको.

डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला स्फोट झाला. 23 मे 2024 ला परत झाला. माणसं मेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. तिथं ठेकेदाराच्या हाताखाली कोण राबतं, हे मला विचारू नका, सकाळी स्टेशनवर उभं राहून बघा. तिथला तपासणीचा कागद कुणाला फालतू वाटत असेल. त्या कागदाच्या पलीकडं आपला माणूस उभा असतो.

म्हणून मला सरसकट 'नियम कमी करा' मान्य नाही, आणि 'सगळे ठेवा' पण मान्य नाही. मी एकच विचारतो, हा नियम कुणाला अडवतो? रिअॅक्टरपाशी मालकाला अडवत असेल तर तो राहिला पाहिजे, दुप्पट कडक झाला पाहिजे. खिडकीपाशी पोरीला अडवत असेल तर फाडा.

आपली मागणी साधी आहे. घरातल्या एकाची व्हॅलिडिटी खरी ठरली की पुढच्या पोरांना तीच धरा. कोतवाल बुक सरकारच्या कपाटात आहे, ते सरकारनं काढावं. दोन कचेऱ्यांनी आपसात कागद पाठवावेत, आपल्याला टपालवाला करू नये.

पुतणीची मुदत संपायला नऊ दिवस आहेत. उद्या मी परत ठाण्याला जाणार. या वेळी एकटा जाणार नाही. ज्यांच्या फाईली अडकल्यात त्यांनी सकाळी साडेनऊला कल्याण स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी या. 2010 च्या निकालाची झेरॉक्स माझ्याकडं आहे, प्रत्येकाला एक देतो. खिडकीवर ती सगळ्यांनी मिळून वाचून दाखवू.

जय भीम.