रस्ता खोदला, कॅमेरा चौकात. गाड्या गेल्या कुठं?

नागपुरात कॅमेऱ्यांची कमी नाही. स्मार्ट सिटीच्या कामातून सुमारे ७०० ठिकाणी साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे लागले. सिग्नल तोडला की चालान मोबाईलवर येतं. पण सिमेंट रस्त्यासाठी वा उड्डाणपुलासाठी एक बाजू बंद झाली, की वळवलेल्या गाड्या आतल्या गल्ल्यांत शिरतात. तिथं कॅमेरा नसला तर चौकातला आकडा घटलेला दिसतो, कोंडी मात्र मागच्या रस्त्यावर सरकलेली असते.

याची झळ खेड्यालाही बसते. मौदा, कुहीकडून कळमन्याला येणारी मालगाडी तासभर अडली, तर लिलाव चुकतो अन् मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो.

मार्ग शहरानंच दाखवला आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय-रास्ते’ प्रकल्पात शहर बसवर कॅमेरे लावून अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा हेरल्या गेल्या. तसंच, काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी आणि नंतर रोज पर्यायी रस्त्यावरच्या गाड्या मोजाव्यात. जड वाहनांच्या वेळा त्या आकड्यांवरून ठराव्यात, अन् बाजाराच्या गाड्यांना आधी कळाव्यात. नाहीतर कॅमेरा फक्त दंडापुरताच उरेल.