हात तुटला तर लाख, मोडला तर राख



बैल उधळला, मोहाच्या झाडावरून पाय निसटला, मळणी यंत्राच्या पट्ट्यात बाही गेली. हात मोडायला आपल्याकडे निमित्त शोधावे लागत नाही. धानोऱ्याच्या जंगलात काय किंवा वरोऱ्याच्या कापूसपट्ट्यात काय, मोडल्यावर पहिली धाव गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे. त्याला हसणारे आम्ही नव्हे. धानोऱ्याहून गडचिरोली जवळजवळ चाळीस किलोमीटर, आणि मागे बैलाला चारा कोण टाकणार? माणूस जवळचे दार गाठतो.

पण कोपर ते मनगट हे प्रकरण वेगळे आहे. तिथे दोन हाडे. रेडियस हे हाड अल्नाभोवती फिरते म्हणून तळहात उलटसुलट होतो. ज्वारी कापताना विळा वळतो तो त्याच जोरावर. मोठ्या माणसाची दोन्ही हाडे मोडून सरकली की स्नायू ती ओढत राहतात. कामट्यांचे सोडाच, प्लास्टरमध्येही ती सहसा जागेवर टिकत नाहीत. वाकडी जुळली तर हात दिसतो धड, पण फिरत नाही. म्हणून शस्त्रक्रिया करून हाडे सरळ करतात आणि धातूची पट्टी स्क्रूने बसवतात. लहान मुलांची हाडे बहुधा प्लास्टरनेच जुळतात. मुलाचे ऑपरेशनच करा म्हणणाऱ्याला कारण जरूर विचारा.

आम्हाला खरी धास्ती घट्ट बांधलेल्या कामट्यांची. आत सूज वाढते, रक्त कोंडते, काही तासांत स्नायू मरू लागतात. बोटे बधिर पडली, बोट सरळ करताच असह्य कळ आली, तर बांधणे तिथेच सैल करा आणि दवाखाना गाठा. सकाळची वाट पाहू नका. हाड कातडी फाडून बाहेर आले तरी तेच.

शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो. 2012 साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. रेशनकार्ड सोबत न्या.

पुढचे काय? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना एक हात निकामी झाला तर 1 लाख देते, दोन्ही गेले तर 2 लाख. पट्टी बसवून हाड जुळेपर्यंत तीन-चार महिने जातात; ऐन वेचणीचा हंगाम हातचा जातो, मजूर लावावा लागतो. त्याचा एक पैसा नाही. हात गमावणाऱ्याला मदत आणि वाचवणाऱ्याला ठेंगा, हा कुठला हिशेब? हात जुळेपर्यंतची मजुरी या योजनेत धरा, असा ठराव येत्या जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने मांडावा.