दम्मामला कशासाठी चाललात, ते नीट सांगा

चाकण, अंबड, वाळूजच्या कारखान्यांतून व्हॉल्व्ह, पंप, पॅनेल विकायला दम्मामला निघालेल्यांनो, हे तुमच्यासाठी. शेजारी धहरानला अरामकोचे मुख्यालय, किनाऱ्याने वर गेले की जुबैलची औद्योगिक वसाहत. धंद्यासाठी तिथे जाणारे तुम्ही पहिले नाही. किंग फहद विमानतळावर जवाजातच्या, म्हणजे सौदी पासपोर्ट खात्याच्या, काउंटरला घाबरू नका.

तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. अधिकाऱ्याने विचारलेच, तर नुसते ‘काम आहे’ म्हणू नका. काय काम, ते सांगा: अमुक कंपनीशी पंपांच्या ऑर्डरची बोलणी, रविवार ते बुधवार, गुरुवारी परत. बस्स. निमंत्रण देणाऱ्या कंपनीचे नाव तोंडपाठ हवे. निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग, यजमानाचा नंबर हे सगळे छापून हातातल्या बॅगेत ठेवा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका. उतरल्या उतरल्या नेट मिळेलच असे नाही. आणि यजमानासाठी घरचे अनारसे अजिबात नेऊ नका. सौदीत खसखशीवर बंदी आहे, तिथे ती अमली पदार्थांत मोडते.

खरी काळजी वाटते ती वेगळ्याच प्रवाशाची. ‘बिझनेस व्हिजिटवर चल, तिकडे गेल्यावर इकामा (राहण्याचा परवाना) करून देतो,’ असे सांगून एजंट वेल्डरला, फिटरला शटडाउनच्या कामावर धाडतो. मुंबई विमानतळावरच्या इमिग्रेशन काउंटरवर काय बोलायचे तेही पढवतो. भावांनो, हात जोडून सांगतो, असे जाऊ नका. व्हिजिट व्हिसावर नोकरी करता येत नाही. पकडले गेलात तर दंड भरून हाकलले जाल. पगार बुडाला तर दाखवायला करारही नसेल.

दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुधा ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीसाठी तपासणी आवश्यक असलेला, असतो. तो घेऊन सौदीसह 18 देशांत नोकरीला जायचे तर 1983 च्या कायद्याप्रमाणे सरकारी मंजुरी लागते. मुंबईतला अधिकारी खोदून विचारतो तो म्हणूनच, त्याचा राग धरू नका. धंदा स्वतःचा असून पासपोर्ट ईसीआर असेल, तर जीएसटी नोंदणीचा दाखला जवळ बाळगा.

नोकरीलाच जायचे असेल तर नोकरीच्याच व्हिसावर जा. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. पैसे हातावर ठेवण्याआधी पाहा.